उलट मोजा, जास्त भरेल

पेरोव्स्काइटचा सोलर सेल एकाच दुपारी दोन आकडे देतो. व्होल्टेज शून्यापासून वर चढवत नेलं तर कार्यक्षमता समजा १४ टक्के भरते. तेच वरून खाली उतरवत आणलं तर १७. सेल तोच, दिवा तोच, मोजणारा तोच, मधे चहासुद्धा झालेला नाही. यातला कुठला आकडा शोधनिबंधात जातो हे ओळखायला पीएच.डी. लागत नाही. तोच का टाकला हे पटवून द्यायला मात्र लागते.

हे प्रकरण काय आहे ते आधी. १८३९ साली गुस्टाव रोझ या जर्मन खनिजतज्ज्ञाने उरल पर्वतातलं एक खनिज ओळखलं आणि लेव्ह पेरोव्स्की या बड्या रशियन अधिकाऱ्याच्या नावाने त्याचं बारसं केलं. अधिकाऱ्याला खनिजं जमवायचा शौक होता. संशोधकाला अधिकारी जमवायचा असावा. आज सौरऊर्जेत गाजतो त्या पेरोव्स्काइटमध्ये मूळ खनिजातलं कॅल्शियम नाही, टायटॅनियमही नाही. अणूंची बैठक तेवढी तीच राहिली आणि खुर्च्या शिसं, आयोडीन व मिथाइलअमोनियम नावाच्या सेंद्रिय रेणूने बळकावल्या. राजकीय पक्षांच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये.

२००९ मध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने या पदार्थाचा सोलर सेल केला. कार्यक्षमता ३.८ टक्के. २०१२ पर्यंत आकडा १० च्या घरात गेला आणि आणखी दोन-तीन वर्षांत २० च्या पुढे. सिलिकॉनला एवढी मजल मारायला दशकं लागली होती. जगभरच्या प्रयोगशाळांनी जुनी कामं फडताळात टाकली आणि शिसं-आयोडीन मागवलं.

पदार्थ बनवायला सोपा, हीच त्याची गोम. सिलिकॉनला हजाराच्या वरचं तापमान लागतं, भट्टी लागते, भांडवल लागतं. याला इंचभर काच पुरते. नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत काळे रबरी हातमोजे आतल्या दाबाने बाहेर फुगून तुमच्याकडे हात पसरून उभे असतात. त्यांत कोपरापर्यंत हात घालायचे. काच मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरवायची, पिवळसर द्रावणाचे थेंब सोडायचे आणि मनातल्या मनात सेकंद मोजत नेमक्या क्षणी दुसऱ्या द्रावकाची धार सोडायची. एखाद्या सेकंदाने चुकलं तर थर पांढुरका, भुरकट येतो. साधलं तर काच १०० अंशांच्या तव्यावर ठेवताच पिवळ्याची तपकिरी आणि तपकिरीची काळी होते, आणि तिच्यात आपला चेहरा दिसतो. थराची जाडी अर्धा मायक्रॉन. त्यावर सोन्याचा मुलामा दिला की सेल तयार.

इथवर सगळं छान आहे. भानगड सुरू होते ती काच पेटीबाहेर काढून झेनॉनच्या दिव्याखाली ठेवल्यावर आणि तिला मगरचिमटे लावल्यावर.

अर्धवाहकाचे विद्युत गुणधर्म मोजण्याची सगळी पाठ्यपुस्तकं सिलिकॉनसारख्या सज्जन पदार्थांवर लिहिलेली आहेत. सिलिकॉनमध्ये धावपळ करायची ती इलेक्ट्रॉनांनी, अणू आपल्या जागी स्वस्थ बसतात. पेरोव्स्काइटमध्ये आयोडीनचे आयनही हिंडतात. स्फटिकात मोकळ्या जागा असतात. शेजारचा आयन उडी मारून तिथे जातो, त्याची जागा मोकळी होते, तिथे तिसरा येतो. या बदल्या मिलिसेकंदांपासून मिनिटांपर्यंत चालू राहतात. व्होल्टेज लावलं की आयन सरकत सरकत इलेक्ट्रोडपाशी गोळा होतात आणि आतलं विद्युतक्षेत्र झाकून टाकतात. तुम्ही मोजायला घेतलंत की मोजायची वस्तूच बदलू लागते.

म्हणून वरून खाली आणि खालून वर यांत फरक. वरच्या व्होल्टेजपासून सुरुवात केली तर आयन सोयीच्या जागी बसलेले असतात आणि हलायच्या आत तुम्ही मोजून मोकळे होता. शून्यापासून सुरुवात केली तर ते आडवे येतात. या प्रकाराला हिस्टेरेसिस म्हणतात. ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांच्या गटाने २०१४ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंधच लिहिला आणि त्याला विचित्र हिस्टेरेसिस म्हटलं. ज्या गटांनी आकडे वर चढवले त्यांच्यातल्याच एकाने हे लिहिलं, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

त्या काळात अमेरिकेतली एनआरईएल ही सरकारी प्रयोगशाळा जगभरच्या सोलर सेलच्या विक्रमांचा प्रसिद्ध तक्ता काढायची. त्यात पेरोव्स्काइटच्या नावापुढे कंसात एक शेरा असायचा: स्थिरावलेलं नाही. विक्रमाच्या तक्त्यातच असं छापण्याचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आपल्याकडे मंत्रिमंडळाच्या यादीपुढे असा कंस टाकायला काहीच हरकत नसावी.

आता यातल्या युक्त्या बघा. हिस्टेरेसिस बदनाम झाल्यावर 'आमच्या सेलमध्ये हिस्टेरेसिस नाही' अशी वाक्यं निबंधांत उगवू लागली. काही खरी होती. पण एक अडचण आहे. व्होल्टेज फार झटपट फिरवलं तर आयनांना हलायला वेळच मिळत नाही. फार सावकाश फिरवलं तर ते प्रत्येक टप्प्यावर पुरते स्थिरावतात. दोन्ही टोकांना चढती आणि उतरती रेघ एकमेकींवर बसतात. बोभाटा होतो तो मधल्या वेगांना. तेव्हा वेग सोयीचा निवडा, हिस्टेरेसिस गायब! आणि वेग कोणता होता हे निबंधात लिहायचं राहून गेलं तर राहून गेलं, शब्दमर्यादा असते.

दुसरी युक्ती पूर्वतयारीची. मोजण्याआधी सेल उजेडात, चढ्या व्होल्टेजवर थोडा वेळ ठेवायचा, आयनांना मनासारखं बसवून घ्यायचं, मग झरकन खाली यायचं. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास सेलही करतो, एवढंच.

तिसरी क्षेत्रफळाची, आणि ती पेरोव्स्काइटच्या आधीपासून चालत आलेली. सेल दहा चौरस मिलिमीटरचा, बाजूंनी शिरणारा उजेड मात्र फुकटचा. वर नेमक्या मापाचं भोक असलेला काळा पत्रा ठेवला नाही तर शेजारच्या उजेडाचं पीकही याच शेताच्या सातबाऱ्यावर चढतं. स्नेथ यांनी २०१२ मध्येच कार्यक्षमता मोजण्यातल्या धोक्यांवर लेख लिहून हे सांगितलं होतं. धोक्याचे फलक आपल्याकडे जितके वाचले जातात तितकेच तिकडेही वाचले गेले.

इथवर झालं ते तयार सेलचं. पण सेल कसा चालतो हे कळायला आतला पदार्थ मोजावा लागतो. इलेक्ट्रॉन किती चपळ, आत दोष किती, रोध किती. इथे गंमत अधिक आहे.

साध्या रोधापासून धरा. दोन टोकांना दोन तारा लावल्या, करंट सोडला, व्होल्टेज वाचलं. पण हा रोध पदार्थाचा एकट्याचा नसतो, तारा आणि जोडही त्यात आले. मिठाईवाला पेढे खोक्यासकट तोलतो, तसं हे. वैधमापन निरीक्षकाला ते चालत नाही आणि भौतिकशास्त्रालाही. म्हणून चार टोकांची पद्धत निघाली: बाहेरच्या दोन तारांनी करंट द्यायचा, आतल्या दोन तारांनी नुसतं व्होल्टेज वाचायचं. खोकं वजा. १९५८ मध्ये व्हॅन डर पाव यांनी दाखवून दिलं की नमुना कुठल्याही वेड्यावाकड्या आकाराचा असला तरी तो सपाट, एकसारख्या जाडीचा आणि बिनभोकाचा असेल आणि चार टोकं काठावर असतील, तर हिशोब जमतो. सिलिकॉनवाले तेव्हापासून सुखात आहेत. पेरोव्स्काइटवर चांदीचे इलेक्ट्रोड लावले की आयोडीन हळूहळू चांदीपर्यंत पोचतं आणि सिल्व्हर आयोडाइड तयार होतं. म्हणजे इथे खोकं तोलण्यात धरायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण पेढाच खोकं खायला लागलेला असतो.

इलेक्ट्रॉनांच्या चपळाईला मोबिलिटी म्हणतात. सिलिकॉनमध्ये ती १४०० च्या आसपास असते, एकक चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद, आणि त्यावर कुणी भांडत नाही. पेरोव्स्काइटचं काय? २०१५ च्या सुरुवातीला 'सायन्स' या साप्ताहिकात महिनाभराच्या अंतराने दोन निबंध आले. दोन्हींत त्याच मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचे एकसंध स्फटिक, दोन्हींत मोजायची पद्धत एकाच नावाची. एका गटाची मोबिलिटी २.५. दुसऱ्याची १६४. पासष्टपट! बांधकाम खात्यातसुद्धा दोन निविदांत एवढं अंतर पडलं तर फाइल परत येते. न्यायाने बोलायचं तर स्फटिक वाढवायच्या रीती वेगळ्या होत्या, त्यामुळे दोन्ही नमुने अगदी एकच म्हणता येणार नाहीत. पण पासष्टपट म्हणजे पासष्टपट. पुढे ज्याला जो आकडा लागला त्याने तो उचलला, आणि दोघांच्याही खाली संदर्भ मात्र एकाच तोलाचा.

ती पद्धत कोणती हे बघायलाच हवं, कारण खरा मासला तिच्यात आहे. पदार्थाच्या दोन बाजूंना इलेक्ट्रोड लावून व्होल्टेज वाढवत जायचं. आधी करंट सरळ वाढतो. मग एका व्होल्टेजला तो एकदम उसळतो. पाठ्यपुस्तक म्हणतं, आतले ट्रॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांना अडकवणारे दोष, तोवर भरत होते. आता सगळे भरले, म्हणून वाट मोकळी झाली. तेव्हा उसळीच्या व्होल्टेजवरून दोषांची संख्या काढा. सूत्र दोन ओळींचं, आलेख एका दुपारचा. अशी पद्धत लोकप्रिय न होईल तर नवल.

त्या सूत्रात जाडीचा वर्ग भाजकात बसलेला आहे. पातळ थरांतल्या दोषांचा आकडा दर घन सेंटिमीटरला दहाच्या पंधराव्या-सोळाव्या घाताचा यायचा. एकसंध स्फटिकांत तो नवव्या-दहाव्या घातावर उतरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या: केवढा शुद्ध पदार्थ! पण थर अर्धा मायक्रॉनचा आणि स्फटिक मिलिमीटरभर जाडीचा. जाडी २००० पट, तिचा वर्ग ४० लाख. उसळीचं व्होल्टेज तेवढंच राहिलं, तरी दोष नुसत्या भागाकाराने ४० लाख पटींनी घटतात. पदार्थाने काही केलेलं नाही, तो फक्त जाड झाला.

जर्मनीत युलिश इथल्या संशोधन केंद्रातल्या गटाने २०२१ मध्ये हे उघड मांडलं. छापून आलेले दोषांचे आकडे जाडीसमोर ठेवले तर बहुतेक त्याच वर्गाच्या रेघेजवळ जाऊन बसतात. इलेक्ट्रोडमधून नुसता आत शिरणारा विद्युतभारही तशीच उसळी दाखवू शकतो, त्यामुळे अमुक एका पातळीखालचे दोष या पद्धतीला दिसूच शकत नाहीत. आकडा त्या पातळीशीच सापडला तर तो पदार्थाविषयी फार थोडं सांगतो. पट्टीची सगळ्यात लहान खूण किती, एवढं मात्र चोख सांगतो. शिवाय आयन आहेतच. व्होल्टेज सावकाश चढवलं की ते सरकतात आणि उसळीची जागाही सरकते. म्हणून स्नेथ यांच्याच गटाने २०२० मध्ये सुचवलं की व्होल्टेज सलग न लावता छोट्या छोट्या झटक्यांनी लावा, मधे आयनांना घरी जाऊ द्या. ही सूचना चांगली आहे. तिला चांगला पल्सवाला सोर्समीटर लागतो आणि त्याचं कोटेशन लागतं, आणि कोटेशनवर सही लागते. ती कुठे अडते हे आपल्याला ठाऊक आहे.

हॉल परिणामाने मोजा, असं कुणी शुद्ध मनाचा माणूस सुचवतो. १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी सोन्याच्या पातळ वर्खावर तो दाखवला. करंट वाहताना आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की बाजूला किंचित व्होल्टेज उमटतं आणि त्यावरून भारवाहकांची संख्या कळते. सोन्यात इलेक्ट्रॉनांची गर्दी असते. अंधारातल्या पेरोव्स्काइटमध्ये इतका शुकशुकाट की रोध प्रचंड, हॉलचं व्होल्टेज बारीक, आणि आयनांच्या हिंडण्याने मूळ वाचन तासातासाला वाहत जाणारं. त्या वाहण्यातून नेमका चुंबकाचा वाटा वेगळा काढायचा. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या गटाने उलटसुलट फिरणारं चुंबकीय क्षेत्र वापरून ते २०१६ मध्ये जमवलं. ज्यांना तेवढा दम नाही ते वरची दुपारची पद्धत वापरतात.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. या क्षेत्राने आपली धुणी चव्हाट्यावर धुतली. नेचर समूहाच्या नियतकालिकांनी २०१५ मध्ये सोलर सेलवरच्या निबंधांसाठी प्रश्नावली आणली: कुठल्या दिशेने मोजलं, कोणत्या वेगाने, क्षेत्रफळ कसं ठरवलं, किती सेलांची सरासरी. दिव्याखाली मिळालेला करंट आणि एकेका रंगाचा उजेड टाकून मोजलेला करंट जुळतात का, हेही विचारू लागले. सेल त्याच्या सर्वाधिक शक्तीच्या बिंदूवर धरून ठेवायचा आणि आकडा स्थिरावेपर्यंत वाट बघायची, ही साधी अट तक्त्यांत आली आणि विक्रमवीरांची संख्या थोडी रोडावली. २०२१ अखेर एका खुल्या विदासंचात हजारो निबंधांतल्या बेचाळीस हजारांवर सेलांची माहिती एका ठिकाणी मांडली गेली. कुणी कुठल्या रकान्यात मौन पाळलंय हे आता कुणालाही चाळता येतं. माहिती अधिकारासाठी अर्ज करायची गरज नाही, अपिलाचीही नाही.

आकडेही आता खणखणीत आहेत. साध्या पेरोव्स्काइटचा विक्रम २६ टक्क्यांच्या पुढे गेला. सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवून लोंगी या चिनी कंपनीने २०२४ मध्ये ३४.६ टक्के गाठले. एका थराच्या सेलची सैद्धांतिक मर्यादा ३३.७ टक्क्यांच्या आसपास आहे, तीही यात ओलांडली गेली. त्याच वर्षी ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जर्मनीतल्या कारखान्यातून गिऱ्हाइकासाठी पहिली पॅनेलं रवाना केली. त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के. छोटा सेल आणि अख्खं पॅनेल यांत एवढं अंतर पडायचंच, कंपन्याही वेगळ्या. फक्त वर्तमानपत्राच्या मथळ्यात कुठला आकडा असतो ते बघा.

मुंबईत पवईच्या आयआयटीत २०१० पासून सौर प्रकाशविद्युत संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे आणि तिथेही सिलिकॉन-पेरोव्स्काइट जोडीवर काम चालतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थर शिकून दक्षिण कोरियात पेरोव्स्काइटवर काम करणारे मराठी संशोधकही आहेत. त्यांना कोल्हापूरचा पाऊस माहीत आहे, हे बरं. कारण हा पदार्थ दमट हवेत उघडा पडला की काळ्याचा पुन्हा पिवळा होतो, मागे लेड आयोडाइड उरतं आणि मग दोन्ही दिशांनी मोजलं तरी सारखंच भरतं. हिस्टेरेसिस घालवायचा हा सर्वांत खात्रीचा उपाय अजून कुणी छापलेला नाही. मोजायचं प्रमाण तापमान २५ अंश. मे महिन्यात चंद्रपुरात पंचविशी गाठायला पॅनेलला वातानुकूलित खोलीत ठेवावं लागेल, आणि तिथे ऊन नसतं.

राहता राहिलं आयुष्य. मूळ कार्यक्षमतेच्या ८० टक्क्यांवर सेल घसरायला किती वेळ लागतो ते मोजतात. निबंधांत १००० तासांचा आकडा अभिमानाने येतो. सलग मोजले तर ते ४२ दिवसही भरत नाहीत. सिलिकॉनचं पॅनेल विकणारा २५ वर्षांची हमी लिहून देतो. त्यात पुन्हा आयनांनी घोळ घातलेला आहेच: दिवसभर उन्हात दमलेला सेल रात्री अंधारात पडून राहिला की आयन आपापल्या जागी परततात आणि सकाळी गडी थोडा ताजातवाना होतो. मग दिवा चोवीस तास जळत ठेवून मोजायचं की दिवस-रात्रीच्या पाळ्या लावून? २०२० मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून नियमावली ठरवली. तिच्यात अंधाराची चाचणी वेगळी, सततच्या उजेडाची वेगळी, बाहेरच्या उन्हाची वेगळी आणि पाळ्यांचीही वेगळी आहे. सेल पाळ्यांत जास्त टिकला तर निबंधात पाळ्यांचा आकडा येतो, सततच्या उजेडात जास्त टिकला तर तो येतो. आयनांच्या संघटनेकडून अद्याप निवेदन आलेलं नाही.